जपानचे उंबरठे: टोकियो ते कोयासान, सात दिवस

जपानला जायचं ठरलं की चहूकडून 'हे करू नका, ते करू नका' अशा याद्या येतात. पन्नास नियम पाठ करून कोणाचाच प्रवास सुखाचा होत नाही. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या: उंबरठा शोधायचा. बाहेरचं कुठे संपतं आणि आतलं कुठे सुरू होतं, हे तिथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आखून ठेवलेलं असतं. कधी लाकडी पट्टीने, कधी पायरीने, कधी जमिनीवरच्या नुसत्या रेषेने. घरात सोवळं-ओवळं पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं पुष्कळसं न सांगताच कळतं. चूक होते ती रेष दिसली नाही म्हणून.

पहिला दिवस: नारिता ते टोकियो

विमानतळावर आधी 'वेलकम सुइका' कार्ड घ्या. अनामत लागत नाही, २८ दिवस चालतं. उरलेली रक्कम मात्र परत मिळत नाही, म्हणून एकदम फार भरू नका. रेल्वे, मेट्रो, बस आणि कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकानं, सगळीकडे हे कार्ड चालतं.

फलाटावर रांगेच्या रेषा आखलेल्या असतात. गाडी आली की रांग दाराच्या दोन्ही बाजूंना सरकते, उतरणारे मधून उतरतात आणि शेवटचा माणूस उतरल्यावरच चढायचं. लोकलचा सराव असलेला पाय इथे आपोआप पुढे पडतो, तेवढा आवरायचा. डब्यात पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची किंवा वरच्या फळीवर ठेवायची. फोन 'मॅनर मोड'वर, म्हणजे आवाज बंद, आणि गाडीत फोनवर बोलायचं नाही. घरून फोन आलाच तर कापून 'गाडीत आहे' असा मेसेज करा. आपसात हळू बोललेलं चालतं. पण सहा-सात जणांचं कुटुंब असलं की आवाज नकळत चढतो, आणि तोंडावर कोणी काही बोलत नाही, त्यामुळे चूक शेवटपर्यंत कळत नाही. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या डब्यात गेला तर समजून घ्या. सकाळच्या गर्दीत काही गाड्यांना फक्त बायकांसाठी डबा असतो. त्याची गुलाबी खूण फलाटावर आणि दारावर असते, शेजारीच वेळ लिहिलेली असते.

सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. खरं तर जिन्यावर चालूच नये, दोन्ही बाजूंना स्थिर उभं राहावं, असा आग्रह आता वाढतो आहे. सैतामा प्रांताने २०२१ मध्ये आणि नागोया शहराने २०२३ मध्ये तसे नियमच केले. तरीही एकट्याने उलट्या बाजूला अडून राहू नका, पुढचे जसे उभे आहेत तसे उभे राहा.

टॅक्सीचं मागचं डावं दार चालक आतून उघडतो आणि बंद करतो, त्याला हात लावायचा नाही. दुकानात गल्ल्यापाशी छोटी ताटली असते. पैसे हातात न देता त्या ताटलीत ठेवायचे. बक्षिशी कुठेही द्यायची नाही, टेबलावर ठेवलेली नाणी घेऊन वेटर तुमच्या मागे पळत येईल. रस्त्यावर कचरापेट्या फारशा दिसत नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर कित्येक ठिकाणच्या पेट्या काढून टाकल्या. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवा, दिवसभराचा कचरा हॉटेलात आणून टाका. तसाच एक हातरुमालही हवा, कारण पुष्कळ सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं. तिथला टॉयलेट पेपर भांड्यातच टाकून पाणी सोडायचं, बाजूच्या डब्यात नाही.

शाकाहारी लोकांसाठी आजच एक गोष्ट. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' हा पातळ अर्क आहे, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशी नावाच्या सुकवलेल्या माशाच्या किसापासून होतो. मिसो सूप, नूडलचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात तो असतो. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर मांसाचे तुकडे तेवढे निघतील, दाशी राहील. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: 'निकू मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस.' म्हणजे मांस खात नाही, मासे खात नाही, दाशीही चालत नाही. जिथे जेवण आधी ठरवलेलं असतं तिथे हे बुकिंग करतानाच लिहून कळवायचं. ऐनवेळी पान बदलायला सांगणं हा तिथे मोठा त्रास समजतात, कारण माणशी मोजून सामान आणलेलं असतं.

दुसरा दिवस: मेइजी जिंगू, आसाकुसा

सकाळी मेइजी जिंगू. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्या स्मरणार्थ १९२० मध्ये झालेलं हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान हाराजुकू स्टेशनाला लागूनच आहे. तोरी, म्हणजे लाकडी कमान, हा इथला उंबरठा. आत जाताना कमानीपाशी थांबून थोडं वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं. मधली वाट देवाची.

पुढे हात धुण्याची जागा येते, तेमिझुया. पळीने एकदाच पाणी घ्यायचं आणि तेवढ्यात सगळं उरकायचं. पळी उजव्या हातात धरून डाव्या हातावर पाणी, मग हात बदलून उजव्यावर. पुन्हा पळी उजव्या हातात, डाव्या तळव्यावर पाणी घेऊन त्याने चूळ भरायची. पळी तोंडाला लावायची नाही. चूळ हौदात न टाकता खालच्या दगडांवर हळूच सोडायची. मग डावा हात परत धुवायचा आणि शेवटी पळी उभी करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्या माणसाला दांडा धुतलेला मिळतो. पुष्कळ लोक शेवटची पायरी विसरतात, आणि सगळ्यात सुंदर तीच आहे. आता काही ठिकाणी पळ्या काढून नुसती धार ठेवली आहे, तिथे हात धुतले की झालं.

देवासमोर नाणं पेटीत सोडायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, प्रार्थना, मग एकदा वाकायचं. पाच येनचं नाणं शुभ मानतात, कारण 'गो-एन' याचा अर्थ पाच येनही होतो आणि ऋणानुबंधही.

दुपारी आसाकुसाचं सेन्सोजी. हे बौद्ध मंदिर आहे, इथे टाळ्या नाहीत, हात जोडायचे. तोरी दिसली तर शिंतो, धूप आणि मोठं छप्पर असलेलं दार दिसलं तर बहुधा बौद्ध, एवढी खूण पुरते. मंदिराकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीत खाऊ घेतलात तर त्या दुकानापाशीच उभं राहून संपवा. चालत खाऊ नका असं तिथे ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. दाराचा उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. आपल्याकडच्या आज्या हेच सांगत आल्या.

सेन्सोजीपासून दहाएक मिनिटांवर नदीकाठी मात्सुचियामा शोदेन आहे, मराठी माणसाने आवर्जून जावं असं. इथला देव शोतेन, म्हणजेच कांगितेन. आपल्या गणपतीचं जपानी बौद्ध रूप. नैवेद्याला मोदक नसतात, पांढरा शुभ्र मुळा असतो. मंदिरातच विकत घेऊन वाहता येतो. भिंतींवर, दगडांवर जोडमुळा आणि पैशांची थैली कोरलेली दिसेल, मूर्ती मात्र दिसणार नाही. ती गुप्त ठेवतात, दर्शनाला उघडत नाहीत. 'बाप्पा दाखवा' असा आग्रह धरू नका, कॅमेरा आत वळवू नका आणि मोठ्याने जयजयकारही नको. मुळा वाहून हात जोडायचे.

संध्याकाळी इझाकाया, म्हणजे पेय आणि छोट्या पदार्थांची खानावळ. बसल्याबरोबर न मागवलेली एक छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात. ते बसण्याचं शुल्क असतं, माणशी साधारण ३०० ते ५०० येन. ती परत पाठवून वाद घालू नका. ओला रुमाल येतो तो हातांसाठी. मान आणि चेहरा पुसायचा नाही. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, तो आपला भरेल.

जेवणाच्या काड्यांचे बारीकसारीक नियम पुष्कळ आहेत. त्यातले दोन मात्र मोडले तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो. एक, भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. मृताच्या उशाशी ठेवलेल्या भाताच्या वाडग्यात त्या तशा खोचतात. दोन, एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही. दहन झाल्यावर नातेवाईक अस्थी काड्यांनीच उचलतात, पायाकडून डोक्याकडे, आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत देत कलशात ठेवतात. अस्थिसंचय ज्याने केला आहे त्याला अधिक काही सांगायला नको. कोणाला चाखायला द्यायचं असेल तर ताटली पुढे करा. भाताचा आणि सूपचा वाडगा हातात उचलून खायचा असतो, आपण ताटावर वाकतो तसं वाकायचं नाही. नूडल्स सुरसुर आवाज करत खाल्लेल्या चालतात. सुशीचा घास हाताने घेतलेलाही चालतो.

झोपण्यापूर्वी मोठी बॅग हॉटेलच्या काउंटरवर देऊन थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवून द्या. या सेवेला ताक्युबिन म्हणतात. साधारण दुसऱ्या दिवशी बॅग पोचते. आकार लांबी, रुंदी, उंची यांच्या बेरजेवर ठरतो. हाकोनेला दोन दिवसांचे कपडे पुरतात.

तिसरा दिवस: हाकोने, र्योकान आणि ओनसेन

शिंजुकूहून रोमान्सकार गाडीने हाकोने-युमोतो, साधारण ८५ मिनिटं. र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी मुक्कामाच्या घरात, प्रवेश बहुधा दुपारी तीनपासून आणि जेवण सहाच्या सुमाराला. उशीर होणार असेल तर फोन केलाच पाहिजे, कारण एकामागून एक गरम पदार्थ यायचे असतात आणि स्वयंपाकघर तुमच्या वेळेला बांधलेलं असतं.

दारात गेनकान, म्हणजे खोलगट भाग. बूट तिथे काढायचे आणि पाऊल थेट वरच्या फळीवर ठेवायचं. इथेच गोंधळ होतो: बूट काढून मोजा घातलेला पाय त्याच खालच्या फरशीवर टेकतो आणि तोच पाय वर येतो. ती फरशी म्हणजे रस्ता. वर चढल्यावर वळून, गुडघ्यावर बसून, बुटांची टोकं दाराकडे करून ठेवायची. वर चपला असतात त्या बोळापुरत्या. खोलीतल्या तातामीवर, म्हणजे विणलेल्या गवताच्या चटईवर, चपलाही नाही, अनवाणी किंवा मोज्यांनी. चाकांची बॅग तातामीवर ओढायची नाही, गवताचं विणकाम फाटतं. भिंतीत चित्र आणि फुलं असलेला किंचित उंच कोनाडा म्हणजे तोकोनोमा, त्यावर बसायचं नाही, सामानही ठेवायचं नाही. शौचालयाच्या दारात आणखी एक जोड असतो, फक्त आत वापरायचा. बाहेर येताना तो बदलायला विसरून जेवणाच्या खोलीपर्यंत जाणारे पाहुणे रोज भेटतात, म्हणून दारापाशी उलटं पाऊल टाकत बाहेर येण्याची सवय लावा: चपला आपोआप योग्य दिशेने राहतात आणि बदललेल्याही लक्षात राहतात.

खोलीतला युकाता, म्हणजे सुती झगा, घालताना उजवी बाजू आधी अंगाला, डावी तिच्यावर. पुरुषांना आणि बायकांना एकच नियम. उलट गुंडाळतात ते मृताला.

आता ओनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह. निळा पडदा बहुधा पुरुषांचा, लाल बायकांचा. रंगावर पूर्ण विसंबू नका, अक्षर पाहा: पुरुषाच्या अक्षरात वर चार खणांची खिडकी असते, बाईच्या अक्षरात रेषा पायाची घडी घातल्यासारख्या एकमेकींना छेदतात. काही ठिकाणी रात्री पडदे अदलाबदल करतात, म्हणून सकाळी पुन्हा बघायचं.

कपडे सगळे काढायचे, पोहण्याचे कपडे चालत नाहीत. छोटा पंचा तेवढा बरोबर. चांदी काढून ठेवा. हाकोनेतल्या गंधकाच्या पाण्याने जोडवी आणि पैंजण काळे पडतात. डोक्याला तेल असेल तर आधी शांपूने पूर्ण काढा. गोंदण असेल तर पुष्कळ ठिकाणी मनाई असते, आणि ठसठशीत मेंदीकडेही गोंदण समजून बोट दाखवलं जाऊ शकतं. लग्नानंतर लगेच निघालेल्या जोडप्यांनी आधीच विचारून ठेवावं.

अंग धुण्याची जागा वेगळी, कुंड वेगळं. आधी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणाने सर्वांग धुवायचं. उभं राहून शॉवर घेतला की शिंतोडे शेजाऱ्यावर उडतात. फेस पूर्ण गेला पाहिजे, स्टूल आणि बादली पुढच्यासाठी धुवून ठेवली पाहिजे. कुंड हे अंग धुवायचं पाणी नव्हे, सगळ्यांनी मिळून बसायचं पाणी आहे. केस बांधून वर घ्या, पंचा घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवा, पाण्यात बुडवू नका, पिळू तर नकाच. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, म्हणून हळूहळू उतरा, पाच ते दहा मिनिटं बसा, बाहेर येऊन पाणी प्या, वाटलं तर पुन्हा जा. डुबकी नाही, पोहणं नाही. कपड्यांच्या खोलीत परतण्याआधी पंचाने अंग टिपायचं, तिथली जमीन कोरडी राहिली पाहिजे.

चारचौघांत विवस्त्र होणं नकोसं वाटत असेल तर 'काशिकिरी' म्हणजे कुटुंबापुरतं राखीव कुंड मागा. बहुधा ४५-५० मिनिटांसाठी मिळतं. आपल्याकडच्या कित्येक कुटुंबांना हाच मार्ग सोयीचा वाटतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथा दिवस: क्योतो

ओडावाराहून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. 'नोझोमी' नावाची गाडी इथे थांबत नाही, 'हिकारी' किंवा 'कोदामा' पाहा. तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर जाणारी बॅग असेल तर तिच्या जागेसह आसन आधी राखून ठेवावं लागतं, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, दाराशी आधीच उभं राहा. आसन मागे झुकवताना मागच्याला 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणा. खायला मनाई नाही, डबा घेऊन बसा. रिकामा डबा जाताना पेटीत टाका.

संध्याकाळी गिओन, गेइशांचा जुना भाग. वाटेत गेइको (क्योतोत गेइशाला म्हणतात) किंवा माइको (शिकाऊ गेइको) दिसली तर ती कामावर निघालेली असते. वाट अडवणं, किमोनोला हात लावणं, पाठलाग करणं यांनी तिथले रहिवासी इतके कंटाळले की २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आली, दंडाची पाटी १०,००० येनची. २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांना पूर्ण बंद झाल्या. मुख्य हानामिकोजी रस्ता खुला आहे, तिथूनच बघावं.

पाचवा दिवस: बस आणि चहा

क्योतोच्या शहर बसमध्ये बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढच्या दारापाशी चालकाजवळ पैसे द्यायचे. सुट्टे नेमके लागतात; पेटीजवळच नोट मोडण्याचं यंत्र असतं, पण ते रांग अडवून नव्हे, आधी सिग्नलला बस थांबली असताना वापरा.

चहाच्या समारंभाला स्वच्छ मोजे न्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. वाडग्याला चरा जाऊ नये म्हणून. तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच सांगा, छोटं आसन मिळतं. आधी गोड, ते पूर्ण संपवायचं, मग चहा. वाडगा आला की शेजाऱ्याला 'ओसाकी नी', म्हणजे 'तुमच्या आधी घेतो' असं म्हणायचं. उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवायचा आणि उरासेन्के या चहा-घराण्याच्या पद्धतीत घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा थोडा फिरवायचा. वाडग्याची दर्शनी, चित्राची बाजू यजमानाने तुमच्याकडे केलेली असते. तिला ओठ लावायचे नाहीत म्हणून हे फिरवणं. तीन-चार घोटांत संपवायचा आणि शेवटचा घोट आवाज करून घ्यायचा. ओठ लागलेली जागा बोटांनी पुसून, वाडगा उलटा फिरवून खाली ठेवायचा. मग कोपर मांडीवर टेकवून, वाडगा जमिनीजवळच धरून तो निरखायचा. उंच उचलायचा नाही, शंभर-दोनशे वर्षांचा असू शकतो.

सहावा दिवस: कोयासान

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेची जलद गाडी गोकुराकुबाशीला साधारण ८० मिनिटांत पोचते. तिथून पाच मिनिटं केबल कार आणि मग बस. केबल कारच्या स्टेशनातून गावाकडचा रस्ता फक्त बसचा, चालत जायला बंदी आहे.

हे डोंगरावरचं गाव बौद्ध भिक्षू कुकाई, म्हणजे कोबो दाइशी यांनी ८१६ मध्ये वसवलेलं, बौद्ध धर्मातल्या शिंगोन पंथाचं पीठ. 'शिंगोन' हा 'मंत्र' याचाच जपानी अनुवाद. पन्नासच्या आसपास मंदिरांत राहण्याची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. संध्याकाळचं जेवण लवकर, दार रात्री लवकर बंद. जेवण शोजिन र्योरी, म्हणजे मंदिरातलं शाकाहारी: मांस, मासे, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांचा. तिळाचा गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेला कोया-दोफू नक्की असतो. आठवडाभर दाशी चुकवत आलेल्याला इथे निवांत जेवता येतं. पानात टाकायचं मात्र नाही.

ओकुनोइनची वाट इचिनोहाशी पुलापासून दोन किलोमीटर, उंच देवदारांसारख्या सुगी वृक्षांखालून, दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून जाते. थांबून दगडी पाच थरांच्या गोरिंतो समाध्या पाहा. खाली चौकोन, वर गोल, त्यावर त्रिकोणी छप्पर, मग अर्धगोल, टोकाला मणी: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पुष्कळ दगडांवर सिद्धम लिपीत खालून वर अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरं कोरलेली आहेत. देवनागरी जिच्या पोटातून आली त्याच ब्राह्मीची ही लेक. शेवाळ खरवडून अक्षर वाचायचा मोह होतो, पण समाधीला हात लावायचा नाही. कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ मध्ये बसवलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे. गावातच आहे, वाट वाकडी करावी.

वाटेच्या शेवटी गोब्योबाशी पूल. पुलाच्या अलीकडच्या बाजूला मिझुमुके जिझो या बौद्ध देवतेच्या मूर्तींवर पळीने पाणी घालतात, मृतांच्या नावाने. पुलापाशी टोपी काढा, खाणंपिणं पिशवीत ठेवा, कॅमेरा आणि फोन पूर्ण बंद करा, हात जोडून वाका आणि मग पाऊल टाका. पलीकडे कुकाई ८३५ पासून समाधीत बसले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. पुलावर उभं राहून 'एकच फोटो' काढणारे लोक पुजाऱ्यांना रोज हात जोडून थांबवावे लागतात. इथला उंबरठा पाण्यावरचा आहे, एवढाच फरक.

सातवा दिवस: निरोप

पहाटे सहा-साडेसहाला मंदिरातली प्रार्थना. पाच मिनिटं आधी जाऊन बसा. युकाता घालून जायचं नाही, नेहमीचे कपडे. काही मंदिरांत होमही होतो, नाव 'गोमा', शब्द आपल्याच होमावरून गेलेला. बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही आणि उठताना पाय मुंग्या येऊन लटपटतात, म्हणून आधी अंगठे हलवून घ्या.

गादी पूर्ण गुंडाळून ठेवायची गरज नसते, पांघरुण सरळ करा, कचरा एका जागी करा. केबल कार, गोकुराकुबाशी, मग तेंगाचायाला गाडी बदलून कान्साई विमानतळ. गेनकानमध्ये याल तेव्हा तुमचे बूट दाराकडे टोक करून मांडलेले असतील. यजमान बाहेर येऊन वाकतात आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभे राहतात. बस वळणावर जाण्याआधी एकदा मागे वळून वाका.